कय्युमच्या पेटीतले पंखे

कय्युम माझ्या वर्गात होता तेव्हा अगदी सुमार विद्यार्थी होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक केलं तर म्हातारी मास्तरीण लाडानं बोलते आहे असं कुणाला वाटायला नको. दारव्ह्याच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. त्यातली तीन वर्षं हा शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होता. बाहेर कापसाच्या जिनिंगची मोटार होती, आणि ती माझ्यापेक्षा जास्त मनोरंजक होती असं त्यानं पुढे मला तोंडावर सांगितलं. दहावीला इंग्रजीत गेला, पुन्हा बसला नाही. त्याच जिनिंगच्या भिंतीला लागून त्यानं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार नव्यानं गुंडाळायचं, दुकान टाकलं. दुकान पुढे, घर मागे.

मोटार बिघडली की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "बेरिंग गेली." किंवा, "कॉइल जळून राह्यली." दहातल्या नऊ वेळा खरं निघायचं. दहाव्या वेळी तो मोटारीलाच खोटं ठरवायचा. हाताला कसब होतं, पण एकदा एखादी गोष्ट मनाशी धरली की ती सुटत नसे. वर्गात मी त्याला यावरून कमी बोलले नाही. फरक पडला नाही.

उन्हाळ्यात तो गावाचे कूलर दुरुस्त करी. आमच्याकडे कूलरशिवाय मे महिना काढणं म्हणजे शिक्षाच, त्यामुळे कय्युमला सगळे धरून असत. पण कूलरसोबत त्याचं व्याख्यान ऐकावं लागे. लोक काय करतात, कूलर सुरू केला की थंड हवा पळून जाईल म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. मग खोली दमट होते, जीव गुदमरतो आणि दोष कूलरला. कय्युम प्रत्येक घरी तेच सांगायचा, की कूलर हवा आत टाकतो, तिला बाहेर जायला एक खिडकी उघडी ठेवा. तहसीलदाराच्या बायकोलाही त्यानं याच विषयावर झापलं होतं. मला तर दरवर्षी झापायचा. मी भौतिकशास्त्र शिकवलं आहे याचा त्याला विसर पडायचा.

२००५ साली मार्च महिन्यात जे झालं ते सांगायचं आहे. कापसाची ती वर्षं यवतमाळ जिल्ह्यात कशी गेली हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. पेपरात शेतकऱ्यांबद्दल आलं, ते यायलाच हवं होतं. पण कापसाचा पैसा गावात आला नाही की आणखी कुणाचं काय होतं, हे बघायचं तर शिंप्याकडे नाहीतर रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊन बसावं. विहिरीवरची मोटार जळली तर लोक ती कय्युमकडे आणीनात. आणलीच तर म्हणत, चालेल तेवढी चालव. त्यातच शहरातून प्लास्टिकचे तयार कूलर आले. दोन वर्षांत त्याच्या दुकानात मोटारींपेक्षा रिकामी जागा जास्त दिसू लागली.

त्याच्या बायकोचा, सईदाचा, धाकटा भाऊ इम्तियाज औरंगाबादला विजेच्या मोटारींच्या कारखान्यात होता. त्यानं कय्युमसाठी तिथे जागा बघितली आणि निरोप धाडला, की मार्चच्या दुसऱ्या सोमवारी हजर व्हायचं, मी रविवारी घ्यायला येतो. म्हणजे दुकानाला कुलूप, सईदा आणि मुलगी गझाला इथे, आणि हा तिकडे एका खोलीत सात माणसांबरोबर. सेहेचाळीस वर्षांचा हा माणूस आयुष्यात सलग चार रात्री दारव्ह्याबाहेर राहिला नव्हता. मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकणं त्यानं कमी केलं, हे मी बघत होते.

मार्ग काढला गझालानं. ती बारावी होऊन यवतमाळला कॉम्प्युटरचा वर्ग करून आली होती. मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग येत होतं. ती म्हणाली, दारव्ह्याच्या शाळांचे पेपर, अर्ज, लग्नपत्रिका, सगळं टाइप करायला यवतमाळला जातं. घरी कॉम्प्युटर असला तर वर्षभर काम पुरेल आणि अब्बांना कुठे जावं लागणार नाही. तयार कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नव्हती. त्यावर कय्युम म्हणाला, ज्याला स्क्रू आहेत ते मी जोडू शकतो.

मग ती दोघं माझ्याकडे आली, कारण काम मिळवून द्यायला मी हवी होते. मी मुख्याध्यापक उत्तमसिंग राठोड यांच्याकडे गेले. हेही माझेच विद्यार्थी, पण हे पुढच्या बाकावर बसायचे. वार्षिक परीक्षेचे आठवी-नववीचे मिळून आठ पेपर टाइप करायला द्या, म्हटलं. ते घाबरले. पेपर गावातच टाइप केले आणि फुटले तर? मी म्हटलं, मी स्वतः समोर बसते, पेपरांचा लिफाफा माझ्या पिशवीत राहील, कागद माझ्यासमोर निघेल आणि माझ्यासमोर परत जाईल. तेव्हा ते तयार झाले, पण अट घातली. सोमवारी सकाळी दहाला आठही पेपर टेबलावर पाहिजेत. नाहीतर दरवर्षीप्रमाणे यवतमाळ, आणि पुढेही यवतमाळच. आणि तो सोमवार नेमका इम्तियाजनं सांगितलेलाच सोमवार होता.

कय्युमनं नागपूरला जाऊन सुटे भाग आणले. पत्र्याची पेटी, मदरबोर्ड, प्रोसेसर, वीजपुरवठ्याचा डबा, एक जुना मॉनिटर, एक त्याहून जुना प्रिंटर. दुकानदारानं कोणती वायर कुठे जाते ते वहीच्या कागदावर काढून दिलं होतं. मंगळवारी सकाळी तो जोडायला बसला, तेव्हा दुकानात मोहल्ल्यातली अर्धी माणसं जमली. मी खुर्चीवर, लिफाफा मांडीवर. तीन तासांत पेटी उभी राहिली आणि बटण दाबलं तर पडद्यावर अक्षरं आली. मला वाटलं होतं त्याहून फार लवकर झालं, हे मान्य करते.

मात्र जोडताना त्यानं एक गोष्ट केली आणि सगळ्यांना मोठ्या अभिमानानं दाखवली. पेटीच्या पाठीला एक पंखा बसवूनच आला होता आणि वीजपुरवठ्याच्या डब्यात दुसरा होता. त्यानं दोन्हींपुढे हात धरून पाहिला. वारा बाहेर येत होता. "पाहा बाई," तो म्हणाला, "कंपनीवाल्यानं पंखे उलटे लावले. आत थंड करायचं सोडून बाहेर वारा टाकून राह्यले." आणि त्यानं दोन्ही पंखे काढून सरळ केले, म्हणजे वारा आत जाईल असे. पुढच्या बाजूला आणखी एक लावला, तोही आत. मी "शाबास" म्हटलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढे दोष फक्त त्याच्या डोक्यावर जाऊ नये. शिवाय जिनिंगची रुई उडते, ती आत जाऊ नये म्हणून त्यानं पेटीची बाकीची भोकं चिकटपट्टीनं बंद केली. फारच नीट काम केलं.

वीस मिनिटांनी पेटी बंद पडली.

गझालाचा अर्धं पान मजकूर गेला. परत सुरू केली, अठरा मिनिटं. परत, बारा. बुधवारी कय्युमनं वीजपुरवठ्याचा डबा खोलून तपासला. ठीक होता. गुरुवारी झाकण उघडून त्यानं प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्याखालच्या जाळीदार ॲल्युमिनियमला बोट लावलं आणि ते झटकन मागे घेतलं. तव्यासारखं तापलं होतं. तापलं म्हणून पेटी स्वतःलाच बंद करून घेते, एवढं तरी समजलं. नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, प्रोसेसर आणि जाळीच्या मध्ये लावायला दिलेलं पांढरं मलम किती लावलं? कय्युमनं ते बेरिंगला ग्रीस भरावं तसं भरलं होतं. ते पुसून बोटाच्या टोकाएवढं लावलं. पेटी पंचवीस मिनिटं चालली. पहिल्यापेक्षा पाच मिनिटं वाढली म्हणून सईदानं चहा केला. मी मनात हिशेब केला की या वेगानं परीक्षा पावसाळ्यात घ्यावी लागेल.

शुक्रवारी झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला. पेटी छान चालली, तास झाला तरी बंद नाही. आम्ही सगळे गप्प बसून तिच्याकडे बघत होतो, कुणी बोललं तर बिघडेल असं वाटत होतं. मग घरघर सुरू झाली. पलीकडे जिनिंग जोरात होतं, हवेत रुईच रुई, आणि टेबलफॅन ती सगळी पेटीत ढकलत होता. प्रोसेसरच्या पंख्यावर रुईची गादी बसली आणि पंखा थांबला. झाकण लावलं तर तापते, काढलं तर रुई भरते. जिनिंग बंद करा म्हणून सांगायला कुणी जाणार नव्हतं, आणि ते बंद पडावं असं त्या वर्षी कुणाला वाटतही नव्हतं. दिवसातून दोनदा वीज जायची ती वेगळीच.

शनिवारी संध्याकाळी हिशेब असा होता, आठपैकी दोन पेपर झाले, सहा बाकी. इम्तियाज एक दिवस आधीच येऊन पोचला होता. चांगला माणूस, पण जीभ तिखट. त्यानं पेटीकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दुलाभाई, सारे गाव को ठंडा करते और अपनीच पेटी गरम?" सईदाला ते लागलं. ती आत जाऊन नवऱ्याची बॅग भरायला लागली. चादर, दोन शर्ट, लिंबाच्या लोणच्याची बरणी. गझाला रडली नाही. कीबोर्डवरचे रुईचे तंतू ब्रशनं काढत बसली. मला रडण्यापेक्षा ते जास्त लागलं. मी लिफाफा पिशवीत टाकून घरी आले आणि राठोडांना सोमवारी काय सांगायचं ते ठरवू लागले. मला हरण्याची सवय नाही, म्हणून चिडचिड जास्त झाली.

रविवारी सकाळी आठला दारावर कय्युम. हातात कूलरच्या बाजूंना लावायच्या वाळ्याच्या ताट्या. माझा कूलर बसवायचं त्यानं महिन्यापूर्वी कबूल केलं होतं. जायच्या आधी उरलेली कामं संपवत होता. म्हणाला, बाईंचा कूलर लावल्याशिवाय गेलो तर उन्हाळाभर तिकडे शिव्या ऐकू येतील. मी म्हटलं, येतीलच.

दोन ताट्या बसल्या. पाणी सोडलं, पंखा सुरू केला. तो भिजवलेली तिसरी ताटी हातात घेऊन वळला, आणि त्याची नजर पलीकडच्या खिडकीवर गेली. ती मी लावली होती.

"बाई, खिडकी काहून बंद केली?"

"धूळ येते."

"येऊ द्या. दरवर्षी सांगून राह्यलो तुमाले. कूलर हवा आत टाकते, त ते जाईन कुठून? दोन कूलर लावा, तीन लावा, बाहेर जायले वाट नसंन त गरम हवा आतल्या आतच..."

आणि तो थांबला. ताटी हातात तशीच, तिच्यातून पाणी ठिबकून माझ्या फरशीवर. मला वाटलं याला चक्कर आली. नाव घेऊन हाक मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण मी त्याला दिसत नव्हते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "कंपनीवाल्याचे पंखे उलटे नव्हते."

ताटी माझ्या अंगणात टाकून, पाण्याचा नळ तसाच सुरू ठेवून तो सायकलवर बसून गेला. मी आधी नळ बंद केला. मग त्याचं वाक्य मला समजलं. एकतीस वर्षं मी फळ्यावर बाण काढून शिकवलं, गरम हवा कशी हलते, तिला वाट कशी लागते. आणि पाच दिवस मी त्या पेटीसमोर बसले होते. तीन पंखे आत वारा टाकतात, भोकं चिकटपट्टीनं बंद, आणि मी म्हणते "शाबास". मी लिफाफा घेतला, चपला घातल्या आणि त्याच्या मागे गेले. माझ्या वयाला शोभणार नाही इतक्या भराभर गेले.

मी पोचले तेव्हा पेटी आडवी होती आणि पाठीचा पंखा त्याच्या हातात होता. त्यानं तो फिरवून लावला. वीजपुरवठ्याच्या डब्यातलाही फिरवला. पाठीमागची चिकटपट्टी ओढून काढली. पुढचा पंखा आत टाकणारा तसाच ठेवला. मग रुईचा प्रश्न आला. गझाला आतून आपली जुनी मलमलची ओढणी घेऊन आली. तिनं एक तुकडा कापून पुढच्या पंख्यावर ताणून बसवला. म्हणाली, रोज सकाळी धुवायचा, कूलरची ताटी धुतो तसा. कय्युम तिच्याकडे बघत राहिला. हे त्याला सुचलं नव्हतं, आणि ते मुलीला सुचलं याचा त्याला आनंद झाला होता.

झाकण लावलं, स्क्रू आवळले, साडेनऊला बटण दाबलं. मी लिफाफ्यातून तिसरा पेपर काढला. गझाला टाइप करू लागली. इम्तियाज मनगटावरचं घड्याळ बघत उभा राहिला. कय्युमनं पेटीच्या पाठीमागे हात धरला. गरम वारा बाहेर येत होता.

वीस मिनिटं झाली. पंचवीस. तिसाव्या मिनिटाला सईदा दाराशी येऊन उभी राहिली, आत गेली, पुन्हा आली. चाळीस झाली तेव्हा इम्तियाज खाली बसला. पाऊण तासानंतर घड्याळ बघायचं सोडून तो कय्युमला विचारू लागला की पंखा कोणत्या बाजूनं ओढतो हे ओळखायचं कसं. कय्युमनं त्याला पंख्याच्या कडेवरचा छोटा बाण दाखवला. तो बाण तिथे मंगळवारपासून होता. इम्तियाजनं तोंड उघडलं, बहिणीकडे बघितलं आणि मिटलं. त्यासाठी मी त्याला मार्क दिले.

अकराला चौथा पेपर संपला. पाचवा गणिताचा होता, अपूर्णांकांनी भरलेला, त्याला वेळ लागला. कय्युमनं स्क्रूड्रायव्हर काढून टोक पेटीला लावलं, मूठ कानाला, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं डोळे उघडले. स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला.

आणि मग पडदा काळा झाला.

सईदाचा हात तोंडावर गेला. गझाला पडद्याकडे तशीच बघत होती. दुकानात अगदी शांत झालं. एवढं शांत, की काहीतरी चुकतंय असं वाटलं. मग लक्षात आलं की भिंतीपलीकडचं जिनिंगही थांबलं होतं. वरचा पंखाही थांबला होता. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "गेली."

बारा वाजले होते. भारनियमन.

पहिला इम्तियाज हसला. मग सईदा, मग गझाला, आणि मीही. वीज गेली म्हणून लोकांना शिव्या देताना मी जन्मभर ऐकलं आहे, हसताना त्या एकदाच पाहिलं. गझाला म्हणाली, गणिताचा पेपर तिनं पाच मिनिटांपूर्वीच सेव्ह केला होता, शेवटचा एक प्रश्न तेवढा परत घालावा लागेल. कय्युम हसत नव्हता. त्यानं पेटीवर तळवा ठेवला होता, एखाद्या पोराचा ताप उतरला की नाही बघावं तसा.

"पेटी थंडी आहे," तो म्हणाला.

सईदा आत गेली. थोड्या वेळानं तिनं जेवायला हाक मारली. ताटात भाकरी, वांग्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं होतं. लोणचं मला ओळखू आलं. बॅगेतली बरणी उघडली होती. इम्तियाजनंही ते ओळखलं. त्यानं दोन फोडी वाढून घेतल्या आणि म्हणाला, उद्या सकाळच्या गाडीनं तो एकटाच जाईल, कारखान्याला दुसरा माणूस मिळेल. पण असं लोणचं तिकडे मिळत नाही, तेव्हा उरलेली बरणी त्याची. सईदानं बरणी त्याला दिली. नवऱ्यापेक्षा लोणचं द्यायला तिची काहीच हरकत नव्हती.

चारला वीज आली, सहापर्यंत उरलेले पेपर संपले. छापील पानं मोजून लिफाफ्यात घातली, लिफाफा चिकटवला, वर माझी सही केली. सोमवारी दहाला पाच मिनिटं असताना तो राठोडांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उघडून दोन पानं बघितली आणि विचारलं, पुढच्या महिन्यात शाळेच्या संमेलनाच्या पत्रिका आहेत, त्याही तिथेच द्यायच्या का? मी म्हटलं, मला काय विचारता, दुकान दाखवू का?

दुकानावर आता दोन पाट्या आहेत, मोटारीची खाली आणि टायपिंगची वर. मलमलचा तुकडा रोज सकाळी तारेवर वाळत असतो. गझालानं पुढे आणखी दोन पेट्या जोडल्या. कय्युम शेजारी बसून फक्त पंखे बघायचा, आणि प्रत्येक पंख्यावरचा बाण आधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय तिला स्क्रू लावू देत नसे.

माझ्या कूलरची तिसरी ताटी त्या रविवारी अंगणातच राहिली. सोमवारी मी आठवण करून दिली, मंगळवारी पुन्हा दिली. बुधवारी तो आला, ताटी बसवली, पाणी सोडलं आणि वळून खिडकीकडे बघितलं. ती सताड उघडी होती. धूळ येत होती. तो हात धुवायला गेला. त्याला व्याख्यान देता आलं नाही एवढ्यानंच माझा उन्हाळा बरा गेला.